बीपीची गोळी आणि घसरणारं सोडियम: धोका कुणाला, हे आधी कळतं का?

‘सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलंय’ हा निरोप नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलेला असतोच. पेशंट बहुधा सत्तरीच्या पुढची बाई. आधी दोन-चार दिवस अंगात त्राण नाही, तोंडाला चव नाही, मळमळतंय. मग चालताना झोक जायला लागतो, आणि एका सकाळी ती पोटच्या मुलालाच विचारते, ‘तुम्ही कुणाकडे आलात?’ घरच्यांना वाटतं अर्धांगवायू. डोक्याचा सीटी स्कॅन होतो, त्यात काही निघत नाही. तासाभराने रक्ताचा रिपोर्ट येतो: सोडियम ११४. मग ड्यूटीवरचे डॉक्टर विचारतात, ‘बीपीची कुठली गोळी चालू आहे?’

पिशवीतून स्ट्रिपा निघतात. त्यातल्या एकीच्या मागे बारीक अक्षरांत ‘हायड्रोक्लोरोथायाझाइड’ नाहीतर ‘क्लोरथॅलिडोन’ असं छापलेलं असतं.

दर वेळी गोष्ट अशीच असते असं नाही. सोडियम घटायला डझनभर कारणं आहेत. पण गोळीमुळे घटणाऱ्या सोडियमची गंमत अशी, की त्याला सुरुवातीची तारीख असते: गोळी सुरू झाली तो दिवस. म्हणजे त्या दिवशी थोडा विचार करायला वाव असतो. ही औषधं जगभरात कोट्यवधी लोक घेतात, बहुतेकांना काहीही होत नाही, थोड्यांचं सोडियम कोसळतं. ते थोडे कोण, हे पहिली गोळी पोटात जाण्याआधी सांगता येईल का? बरंचसं सांगता येतं, पण माणसावर बोट ठेवून नाही. त्या अर्धवट अंदाजाचा उपयोग कसा करायचा, खरा प्रश्न तिथे आहे.

## मीठ कमी पडलं की पाणी जास्त झालं?

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असतं. रिपोर्टवर पुढे ‘मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर’ असं एकक असतं. आपण नुसता आकडा घेऊ. १३५ च्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात, आणि १२५ च्या खाली गेलं की प्रकरण गंभीर मानतात.

बहुतेकांचा पहिला गैरसमज इथेच होतो. हा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे ते सांगत नाही. मीठ आणि पाणी यांचं प्रमाण सांगतो. आमटी अळणी लागते तेव्हा एक तर मीठ कमी पडलेलं असतं, किंवा मीठ बरोबर असूनही वरून दोन भांडी पाणी पडलेलं असतं. जिभेला दोन्ही सारखंच लागतं, आणि रक्ताच्या रिपोर्टलाही दोन्ही सारखंच दिसतं. बीपीच्या गोळीने सोडियम घसरतं तेव्हा थोडं मीठ लघवीवाटे गेलेलं असतं हे खरं. पण बऱ्याचदा मोठा वाटा पाण्याचा असतो. जे पाणी शरीराबाहेर पडायला हवं होतं, ते पडलेलं नसतं.

रक्त असं पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही. मेंदूभोवती मात्र कवटी आहे, तिथे फुगायला जागा नाही. म्हणून लक्षणं सगळी डोक्याची: डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, बरळणं, आणि फारच घसरलं तर आकडी किंवा बेशुद्धी.

हळूहळू घसरलं तर मेंदू काही प्रमाणात जुळवून घेतो आणि माणूस वरवर ठीक दिसतो. या ‘ठीक दिसण्या’वर फार विसंबू नये. ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी २००६ साली १२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांचं सोडियम सरासरी १२६ होतं आणि ‘लक्षणं नाहीत’ असं मानलं गेलं होतं. त्यांच्यातले सुमारे २१ टक्के पडल्यामुळे दवाखान्यात आले होते. तुलनेला घेतलेल्या रुग्णांत हे प्रमाण ५ टक्के होतं. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, की आपण ओल्या फरशीला दोष देतो. त्या दिवशीचं सोडियम बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

## लघवी वाढवणारी गोळी, मग पाणी साठेल कसं?

शंका अगदी रास्त आहे. ज्या गोळ्यांबद्दल आपण बोलतोय त्या थायाझाइड गटातल्या. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे या गटातलं जुनं नाव. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्याच वळणाची. पहिलं औषध, क्लोरोथायाझाइड, १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं. त्याआधी अंगावरची सूज उतरवायला पाऱ्यापासून बनवलेली इंजेक्शनं द्यावी लागत. पोटात घेता येणारी, स्वस्त, बीपीही उतरवणारी गोळी मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. त्या कामासाठी चार शास्त्रज्ञांना १९७५ साली लास्कर पुरस्कार मिळाला. सोडियम घसरल्याच्या नोंदी मात्र १९६० च्या दशकातच यायला लागल्या होत्या. म्हणजे प्रश्न आजचा नाही.

आता मूत्रपिंडात काय चालतं ते पाहू. मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतं आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतं. लघवी होते ती लिटर-दोन लिटर. गाळलेला द्रव बारीक नळ्यांमधून जातो. या नळ्यांचा एक टप्पा असा आहे, की तिथून मीठ परत रक्तात खेचलं जातं, पण पाण्याला तिथून बाहेर पडता येत नाही. मीठ गेलं, पाणी मागे राहिलं, लघवी पातळ झाली. शरीराला जास्तीचं पाणी टाकायचं असेल तर ते असं पातळ लघवी करूनच टाकता येतं.

थायाझाइड नेमकी याच टप्प्यावर मीठ खेचणारी यंत्रणा अडवते. मीठ लघवीतून जातं, बीपी उतरतं, आपल्याला हवं ते होतं. सोबत नको ते हेही होतं, की पातळ लघवी बनवण्याची मूत्रपिंडाची ताकद कमी होते. फ्युरोसेमाइडसारखी जोरदार लघवीची गोळी वेगळ्या टप्प्यावर काम करते. तिच्यामुळे लघवी दाट करण्याची ताकदही मोडते, त्यामुळे पाणी अडकून राहत नाही. म्हणून ती दिसायला जास्त आक्रमक असूनही सोडियम पाडण्यात थायाझाइडपेक्षा मागे आहे.

थोडं गणित करू, कारण सगळी मेख त्यात आहे. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. आपण जे खातो त्यातून मीठ, पोटॅशियम आणि प्रथिनांपासून तयार झालेला युरिया असा विरघळलेला ऐवज रोज लघवीतून बाहेर जातो. तो मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. नीट जेवणाऱ्या माणसाचा असा ऐवज दिवसाला ६०० ते ९०० भरतो. निरोगी मूत्रपिंड लघवी इतकी पातळ करू शकतं, की एका लिटरमध्ये जेमतेम ५० ते १०० ऐवज असतो. म्हणजे ६०० ऐवजावर ते सहा लिटर, प्रसंगी त्याहूनही जास्त पाणी सहज बाहेर टाकतं.

आता ७४ वर्षांच्या एक आजी घ्या. वजन ४२ किलो. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन घास वरणभात, रात्री भाताची पेज. डाळ पचत नाही, दूध नको, आणि बीपी आहे म्हणून मीठही हात राखून. त्यांचा ऐवज धरा ३००. त्यात गोळी सुरू झाली, आणि लघवी आता लिटरला ३०० पेक्षा पातळ होतच नाही. ३०० भागिले ३००. लघवीवाटे पाणी टाकायची मर्यादा: दिवसाला एक लिटर. घाम आणि श्वासातून थोडं जाईल. त्यावर जे जे प्यायलं जाईल ते आमटीतच पडणार.

डॉक्टरांच्या खोलीतला संवाद साधारण असा होतो.

‘आजी, पाणी किती पिता दिवसाला?’

‘भरपूर पिते हो. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर. मग सुनेने बाटल्या भरून ठेवलेल्या असतात, तीन लिटर तरी होतं. किडनीला चांगलं असतं ना?’

आजींचं काही चुकलेलं नाही. कुणीतरी सांगितलेलं त्या निष्ठेने करतात. फक्त हा सल्ला ज्याने दिला त्याला त्यांच्या ताटात काय आहे आणि औषधाच्या डबीत काय आहे, हे माहीत नव्हतं.

इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये केलेला एक प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. आधी थायाझाइडने सोडियम घसरलेल्या काही रुग्णांना त्यांनी देखरेखीखाली या औषधाचा एकच डोस पुन्हा दिला. काही तासांत त्यांचं सोडियम परत उतरलं. पण लघवीच्या गोळीने जे व्हायला हवं त्याच्या उलट, त्यांचं वजन वाढलं. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांचं वजन अपेक्षेप्रमाणे घटलं होतं. एकाच गोळीने काहींचं पाणी उतरतं आणि काहींचं चढतं. माणसामाणसांत फरक आहे हे यातून स्पष्ट झालं, आणि धोका कुणाला ते आधी ओळखायच्या खटपटीला जोर आला.

## मग धोका कुणाला जास्त?

वय हा सर्वांत ठसठशीत घटक. त्यापाठोपाठ कमी वजन आणि बाई असणं. किडकिडीत अंगात मुळात पाणीच कमी, त्यामुळे तेवढंच जास्तीचं पाणी प्रमाण लवकर बिघडवतं. बायकांची संख्या जास्त दिसण्यामागे वजन किती आणि दुसरं काही किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण देशोदेशीच्या अभ्यासांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे.

गोळी सुरू करण्याआधीचं सोडियम हा दुसरा चांगला इशारा. १४२ वरून निघालेला माणूस आणि १३५ वरून निघालेला माणूस, दोघांच्याही रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असंच लिहिलेलं असतं. पण दुसरा आधीच कड्याशी उभा आहे.

पोटॅशियमकडे लोकांचं लक्ष जात नाही, ते जायला हवं. बोस्टनमध्ये एडेलमन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं, की रक्तातलं सोडियम ठरतं ते शरीरातलं सोडियम अधिक पोटॅशियम आणि एकूण पाणी यांच्या प्रमाणावर. थायाझाइडने पोटॅशियमही लघवीतून जातं. ते घटलं की सोडियमच्या आकड्यालाही धक्का बसतो. दोन्ही खाली असतील आणि पोटॅशियम भरून काढलं, तर सोडियमही थोडं वर येतं.

मग सोबतची औषधं. नैराश्यावरच्या गोळ्या, खास करून एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या घराण्यातल्या. फिट्सवरच्या कार्बामाझेपीन आणि ऑक्सकार्बाझेपीन. गुडघेदुखीसाठी परस्पर मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. ॲसिडिटीच्या ओमेप्राझोल गटातल्या गोळ्यांचाही हातभार लागतो. ही यादी डॉक्टरांना एकत्र क्वचितच दिसते. बीपीची फाइल फिजिशियनकडे, मनाच्या औषधाची चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांकडे, आणि गुडघ्याची गोळी कुणालाच न सांगता.

काळ हाही धोक्याचा भाग आहे. डेन्मार्कमध्ये २०१४ ते २०१८ या वर्षांतल्या देशव्यापी नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला. त्यात सोडियम १३० च्या खाली जाण्याचा धोका, थायाझाइड नसलेली बीपीची गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, पहिल्या महिन्यात साधारण साडेतीन ते सव्वाचार पट होता. वर्षभराने तो सव्वा पटीच्या आसपास उरला. म्हणजे सर्वांत सावध राहायचा काळ म्हणजे पहिले काही आठवडे.

याच अभ्यासात दोन वर्षांत थायाझाइड घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ३.५ ते ३.८ जणांचं सोडियम १३० च्या खाली गेलं. दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांतही ते २ ते २.५ जणांचं गेलं होतं. म्हणजे गोळीच्या खात्यावर टाकायची भर शंभरात सव्वा ते दीडच्या दरम्यान. ही सरासरी झाली. वय आणि इतर आजार वाढत जातात तसा आकडा वर चढतो.

## हे सगळं कॉम्प्युटरला देऊन नेमकं नाव काढता येणार नाही का?

वय, वजन, आधीचं सोडियम, पोटॅशियम, सोबतची औषधं यांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि धोक्याचा अंदाज काढायचा. याला रिस्क स्कोअर म्हणतात. कागदावरची बेरीज असो की हजारो रुग्णांच्या नोंदी चाळणारा एआयचा प्रोग्राम, कल्पना तीच.

समजा एक बऱ्यापैकी चांगला स्कोअर आहे. ज्यांचं सोडियम घसरणार आहे अशा १०० पैकी ८० जण तो ओळखतो, आणि ज्यांचं घसरणार नाही अशा १०० पैकी ८० जणांना बरोबर ‘सुरक्षित’ म्हणतो. ऐकायला झकास. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. हा स्कोअर १,००० रुग्णांना लावू. त्यातल्या ४० जणांचं सोडियम खरंच घसरणार आहे. स्कोअर त्यांतले ३२ पकडेल, ८ सुटतील. उरलेल्या ९६० पैकी २० टक्के, म्हणजे १९२ जणांना तो उगाचच ‘धोका’ म्हणेल. धोक्याचा शिक्का बसलेले एकूण २२४, त्यांतले खरे ३२. सातात एक.

दोष स्कोअरचा नाही. शोधायची गोष्टच विरळ असली की असंच होतं. त्या २२४ जणांना गोळी नाकारली, तर १९२ जणांचं औषध विनाकारण हुकलं. त्याऐवजी त्यांची दहाव्या-बाराव्या दिवशी रक्ततपासणी केली, तर १९२ जणांना एका सुईपलीकडे काहीही झालं नाही आणि ३२ जण वेळेत सापडले. स्कोअर तोच, पण हातात आलेल्या अंदाजाचं आपण काय करतो त्यावर तो उपयोगी की घातक हे ठरतं. माझ्या मते स्कोअरने एवढंच सांगावं: तपासणी कुणाची लवकर करायची.

दुसरी अडचण स्कोअर जिथे तयार झाला तिथली. डेन्मार्कमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या वजनावर, खाण्यावर आणि हवेवर बेतलेला अंदाज विदर्भातल्या मे महिन्यात, ४२ किलोच्या बाईला जसाच्या तसा बसणार नाही. क्रम कदाचित बरोबर लागेल, म्हणजे जास्त धोक्याचे वर आणि कमी धोक्याचे खाली. पण ‘चार टक्के’ म्हटलं ते इथे आठ टक्के असू शकतं किंवा दोन. स्कोअर नव्या लोकांवर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

तिसरी अडचण मला सर्वांत फसवी वाटते. दवाखान्याच्या नोंदींत सोडियमचा आकडा कुणाचा असतो? ज्याचं रक्त तपासलं त्याचा. आणि तपासतात कुणाचं? जो आधीच आजारी दिसतो त्याचं. ज्या आजी घरीच गळून पडल्या, किंवा ज्यांच्या गोंधळाला ‘वय झालं’ असं नाव मिळालं, त्यांची नोंद कॉम्प्युटरला ‘काही त्रास नाही’ अशीच दिसते. प्रोग्राम कितीही हुशार असला तरी जे मोजलंच नाही ते त्याला शिकता येत नाही.

## जनुकांची तपासणी केली तर?

या दिशेने एक महत्त्वाचा धागा २०१७ मध्ये सापडला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी थायाझाइडने सोडियम घसरलेल्या रुग्णांची जनुकं तपासली. प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन पेशीत परत आणणाऱ्या वाहकाच्या जनुकाचं एक वेगळं रूप जवळपास निम्म्या रुग्णांत आढळलं. हे रसायन नळीत साचून राहिलं, की मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं; पाणी धरायचा आदेश देणारं नेहमीचं हार्मोन कमी असतानाही. इस्रायलमधल्या त्या वाढलेल्या वजनाचा एक खुलासा यातून मिळतो.

पण निम्म्यांत सापडलं म्हणजे निम्म्यांत नाही. आणि हे रूप अंगी असूनही कधी त्रास न झालेले लोक आहेतच. वरचं सातात एकचं गणित इथेही लागू होतं. त्यामुळे लॅबमध्ये जाऊन ही तपासणी मागायची वेळ आलेली नाही.

## एवढी कटकट असेल तर ही गोळी बंदच का करत नाहीत?

कारण ती जीव वाचवते, आणि ज्या वयात सोडियमची भीती असते त्याच वयात वाचवते. अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४,७३६ जणांवर क्लोरथॅलिडोनने सुरुवात करून केलेली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. याच चाचणीत सोडियम १३० च्या खाली गेलेले औषधाच्या गटात शंभरात सुमारे चार आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सुमारे एक होते. फायदा आणि तोटा एकाच कागदावर आहेत. पुढे २००८ मध्ये इंडापामाइडवरची चाचणी आली, तीही ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ जणांवर. तिच्यात कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले.

पक्षाघात झालेला माणूस घरात असेल त्याला या टक्क्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पर्याय नाहीत असंही नाही. ॲम्लोडिपीनने सोडियम घसरत नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टनने क्वचितच. त्यामुळे ४२ किलोच्या, १३५ सोडियमच्या, एस्सिटालोप्राम घेणाऱ्या आजींना डॉक्टर आधी दुसरं औषध देऊन पाहतील, आणि ते योग्यच आहे. पण एका औषधाने बीपी आटोक्यात येत नाही असे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांना दुसरं-तिसरं औषध म्हणून थायाझाइड लागतं. हा लेख वाचून स्वतःच्या मनाने गोळी थांबवणं हा सर्वांत वाईट उपयोग होईल.

## ‘मी पंधरा वर्षं घेतोय, मला काही झालं नाही’

उत्तम. तुमचा धोक्याचा पहिला महिना कधीच सरला. पण गोळी तीच असली तरी माणूस तोच राहत नाही. पंधरा वर्षांत वजन घटतं, जेवण कमी होतं, एखादी नवी गोळी सुरू होते. मग कधीतरी जुलाब-उलट्या होतात आणि घरचे प्रेमाने नारळपाणी, लिंबूपाणी, भाताची पेज पाजत राहतात. जुलाबात मीठही गेलं, पाणीही गेलं. भरून काढलं ते जवळपास नुसतं पाणी. नारळपाण्यात पोटॅशियम चांगलं असतं, सोडियम फार कमी. ओआरएस त्यापेक्षा पुष्कळ बरं, तरी त्यातही सोडियम लिटरला ७५ च असतं, रक्तापेक्षा बरंच कमी. अशा दिवसांत डॉक्टरांना फोन करून ‘ही गोळी चालू ठेवू का?’ एवढं विचारावं. बरेच डॉक्टर ती दोन-चार दिवस थांबवतात.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक बघावं. रक्तातली साखर फार चढली की पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जातं आणि सोडियम कमी दिसतं. ढोबळ हिशेब असा, की साखर १०० च्या वर दर १०० ने वाढली, की सोडियम दीड ते अडीचने खाली दिसतं. साखर ५०० असताना आलेल्या १२९ चा अर्थ वेगळा. साखर उतरली की तो आकडा बराचसा आपोआप वर येतो.

## मग मीठ जास्त खाल्लं तर?

हा प्रश्न नेहमी येतो, आणि पाठोपाठ ‘बीपीवाल्यांना मीठ बंद करायला सांगतात, म्हणूनच हे होतं’ असा निष्कर्षही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे. लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ धरले तर आपल्याकडे बहुतेक लोक सहज तिच्या पुढे जातात. नेहमी जेवणाऱ्या माणसाने मीठ आवरावं हेच बरोबर. पेज-चहावर जगणाऱ्या आजींची गोष्ट वेगळी. त्यांना पथ्यावर पथ्य लादण्यापेक्षा अंडं, डाळ, पनीर, मासळी असं काहीतरी पोटात जाणं जास्त उपयोगाचं, कारण प्रथिनांतून युरिया होतो आणि त्यासोबत पाणी बाहेर जातं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

सोडियम घसरल्यावर घरच्या घरी चमचाभर मीठ चाटवणं मात्र नको. एक तर घोळ पाण्याचा असेल तर मिठाने तो सुटत नाही. दुसरं, सोडियम फार झपाट्याने वर चढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होते, कधी कधी कायमची. खाली जाताना मेंदूने हळूहळू जुळवून घेतलेलं असतं. वर येतानाही त्याला वेळ द्यावा लागतो. म्हणून दवाखान्यात २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त चढू नये याची काळजी घेतात आणि दर काही तासांनी रक्त तपासतात. आकडी येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तीव्र सलाईन देऊन पहिले चार-सहा अंक पटकन चढवतात, मग हात आखडता घेतात. ‘साधं सोडियमच तर कमी झालंय, आयसीयू कशाला?’ असं नातेवाईक विचारतात, त्याचं हे उत्तर.

## तपासणी कधी करायची?

थायाझाइड सुरू करण्याआधी एकदा सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी). मग एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा, वय आणि वजन पाहता धोका जास्त असेल तर आठवड्यातच. डोस वाढला किंवा वर सांगितलेल्यांपैकी नवी गोळी आली, की परत एकदा. सगळं ठीक असेल तर पुढे वर्षा-सहा महिन्यांनी. लॅबमध्ये ‘इलेक्ट्रोलाइट्स’ म्हटलं की कळतं. घरी वजनकाटा असेल तर पहिल्या आठवड्यात रोज सकाळी वजन लिहून ठेवावं. लघवीची गोळी सुरू होऊनही वजन वर सरकत असेल आणि मळमळ असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रक्त तपासावं. पाणी किती प्यायचं, तर तहान लागेल तितकं. तीन लिटरचं लक्ष्य ठेवून नाही. मुतखड्यासाठी कुणाला मुद्दाम जास्त पाणी सांगितलं असेल, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा सल्ला कळू द्यावा.

ही गोळी आपल्या डबीत आहे का, हेच अनेकांना माहीत नसतं, कारण ती बहुधा दुसऱ्या औषधात मिसळून येते. ब्रँडच्या नावाच्या शेवटी ‘एच’, ‘सीटी’, ‘सीएच’ अशी अक्षरं दिसली की शंका घ्यावी. पण अक्षरांवर न थांबता मागची बारीक अक्षरं मोबाइलने फोटो काढून, मोठी करून वाचावीत.

ज्याचं सोडियम या गोळीने एकदा कोसळलं, त्याला त्या गटातलं कुठलंच औषध सहसा पुन्हा देत नाहीत. इस्रायलमधल्या रुग्णांचं सोडियम एका डोसने परत उतरलं होतं. अंदाज बांधायला यापेक्षा भरवशाची खूण नाही. तरी दुसऱ्यांदा ॲडमिट होणारे असतात, आणि त्याचं कारण डिस्चार्ज कार्डात दडलेलं असतं. कार्डावर बंद केलेल्या गोळीचं ब्रँडचं नाव असतं. सहा महिन्यांनी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यावर तिथले डॉक्टर बीपी बघून नवी गोळी लिहितात. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा, आत तेच क्लोरथॅलिडोन. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ब्रँडचं नाही, औषधाचं नाव लिहावं: ‘थायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड नको. सोडियम ११४ झालं होतं.’ खाली तारीख.